कादंबरीपायी दिएन बिएन फू

हनोईहून रात्री सुटलेली स्लीपर बस फा दिन घाटात शिरली, तेव्हा शेजारच्या बर्थवरच्या आजींनी न बोलता एक प्लास्टिकची पिशवी माझ्या हातात ठेवली. घाटात कोणाचा चेहरा कसा होतो हे जाणत्या माणसाला बरोबर कळतं. बर्थ तिथल्या उंचीच्या हिशेबाने केलेला, त्यामुळे माझे गुडघे रात्रभर हनुवटीला. बरोबरची मंडळी तिकडे हालाँगच्या बोटीत बसून कोळंबी खात होती आणि मी साडेचारशे किलोमीटरांवर दिएन बिएन फूला निघालो होतो, एका जुन्या फ्रेंच कादंबरीपायी.

जाँ लार्तेगीची ‘सेंच्युरियन्स’. १९६० सालची. इंग्रजी भाषांतराची मळकट प्रत मला फाउंटनच्या फुटपाथवर मिळाली होती. लार्तेगी आधी सैनिक, मग युद्धवार्ताहर. त्याची गोष्ट सुरू होते ती दिएन बिएन फूच्या याच खोऱ्यात, फ्रेंच इथली लढाई हरल्यावर. चिखलात बसवलेले फ्रेंच अधिकारी, पकडलेले, उपाशी, आपण नक्की कोणाकडून हरलो हे न उमगलेले. ७ मे १९५४ ला इथे दहा हजारांहून जास्त सैनिक कैद झाले. शेकडो किलोमीटर पायी छावण्यांकडे नेले गेले, त्यातले तीन हजारांच्या थोडे वर परतले.

पहाटे उतरलो. पहिली गोष्ट दिसली ती फुलं. मार्च महिना होता आणि रस्त्याच्या कडेची झाडं पांढऱ्या-जांभळट फुलांनी लदलेली. पान उचलून पाहिलं, तर मधोमध दुभंगलेलं. अरे, हा तर आपला कांचन! आपट्याचा सख्खा चुलतभाऊ. इथे त्याला ‘बान’ म्हणतात. १३ मार्चच्या संध्याकाळी पहिले तोफगोळे पडले, तेव्हाही हाच बहर असणार. कादंबरीत हे फूल मला आठवत नाही.

खोरं सपाट, भाताचं, चहूबाजूंनी डोंगर. युद्धशास्त्रातलं ओ की ठो न कळणाऱ्या मलाही वाटलं, खाली कोण बसेल? पण फ्रेंच बसले. नोव्हेंबर १९५३ मध्ये छत्रीसैनिक उतरवले, भोवतीच्या टेकड्यांना बायकांची नावं दिली: गॅब्रिएल, बेआत्रिस, एलियान, इझाबेल. डोंगरावर जड तोफा चढवणं व्हिएत मिन्हला, म्हणजे फ्रेंच राजवटीविरुद्ध लढणाऱ्या व्हिएतनामी फौजेला, जमणार नाही, हा फ्रेंचांचा हिशेब. व्हिएत मिन्हचा सेनापती जनरल व्हो न्गुएन जापच्या माणसांनी तोफा दोरखंडांनी ओढून वर नेल्या आणि डोंगराच्या पोटात लपवल्या. लढाईच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच फ्रेंच तोफखान्याच्या एकहाती प्रमुखाने, कर्नल पिरोतने, स्वतःच्या खंदकात हातबाँबची पिन काढून जीव दिला. त्याला एकच हात होता, दुसरा आधीच गेलेला. पिन कशी काढली असेल, हा विचार दिवसभर डोक्यातून जाईना.

एलियान-दोन म्हणजे आजची ए-वन टेकडी, भर गावात. तिकीट काढायचं आणि पायऱ्या चढायच्या. खंदक सिमेंटने लिंपून नीटनेटके केलेत, वर एक गंजका रणगाडा, आणि पलीकडे खड्डा. व्हिएत मिन्हने टेकडीच्या पोटात बोगदा खणून जवळजवळ एक टन स्फोटकं भरली आणि ६ मेच्या रात्री उडवली. आता कडेला गवत आलंय आणि शाळेची सहल सेल्फी काढत होती. एका पोराने खड्ड्यात हाक मारून पाहिली. प्रतिध्वनी नाही आला.

संग्रहालयात मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो तो एका सायकलीपुढे. हँडलला आडवा बांबू बांधलेला, बाजूने चालत वळवता यावी म्हणून. सीटमागे दुसरा बांबू उभा, ढकलायला आणि तोल सांभाळायला. अशा सायकलींवर दोन-दोनशे किलो तांदूळ लादून माणसं घाटातून, म्हणजे मी पिशवी धरून बसलो होतो त्या वाटांनी, चालत आली. त्यातल्या कित्येक सायकली फ्रेंच प्यूजो कंपनीच्याच!

लार्तेगीला शत्रूबद्दल आदर आहे, पण तो त्याच्या तंत्राबद्दल. त्याचा रास्पेगी (मार्सेल बिजार या खऱ्या अधिकाऱ्यावर बेतलेला) कैदेत एवढंच शिकतो की असं युद्ध कसं लढायचं. मग तेच तंत्र घेऊन ही मंडळी फ्रेंचांच्याच ताब्यातल्या अल्जेरियात बंड मोडायला जातात आणि बाँब कुठे ठेवलेत ते वदवून घेण्यासाठी छळ करतात. लेखक तिथे नाक मुरडतो की खांदा थोपटतो, मला दोनदा वाचूनही ठरवता आलं नाही. पुढे अमेरिकन सेनाधिकाऱ्यांनी हे पुस्तक आवडीने वाचलं, याचं मात्र नवल वाटत नाही. आपल्यासारख्या, एकेकाळी कोणाचीतरी वसाहत असलेल्या देशातल्या वाचकाला त्यातला महमूदी जास्त कळतो. अल्जेरियन लेफ्टनंट, फ्रेंचांच्या बाजूने लढून कैद झालेला. त्याची कुचंबणा लार्तेगीला दिसते, पण पानं मिळतात ती रास्पेगीला. १ नोव्हेंबर १९५४ ला अल्जेरियात बंड पेटलं, त्याच दिवशी पाँडिचेरीचा कारभार भारताकडे आला. युद्धाविना.

पिएर शोएन्डोर्फर मला जास्त जवळचा. तो लष्कराचा कॅमेरामन म्हणून इथे छत्रीने उतरला आणि इथेच कैद झाला. त्याच्या ‘३१७ वी तुकडी’ या १९६३ च्या कादंबरीवरचा त्यानेच केलेला चित्रपट मी पाहिलाय. चार फ्रेंच, एक्केचाळीस लाओशियन, जंगलातून माघार. भाषण नाही, तत्त्वज्ञान नाही. पाऊस, जखमी माणूस वाहून नेणं, आणि पुढचा दिवस.

ए-वनच्या समोर स्मशानभूमी आहे. सहाशेहून जास्त कबरी, ओळीने, आणि जवळजवळ सगळ्या बिननावाच्या. नुसता तारा कोरलेला. प्रत्येकीपुढे उदबत्त्यांची जागा. फाटकाशी बसलेल्या बाईंकडून मी एक जुडी घेतली, आणि कोणापुढे लावायची ते कळेना म्हणून पहिल्या ओळीतल्या शेवटच्या कबरीपुढे लावली.

रात्री मुक्काम इथल्या थाई जमातीच्या लोकांच्या लाकडी खांबांवरच्या घरात. मालकिणीने चिकट भात आणि त्यासोबत बानच्या फुलांची कोशिंबीर वाढली. किंचित कडसर, वर शेंगदाण्याचा कूट. कांचनाच्या कळ्यांची भाजी आजी करायची, हे मी फोनमधल्या भाषांतरावर सांगायचा प्रयत्न केला. यंत्राने काय सांगितलं कोण जाणे, त्यांनी अजून भात वाढला.

परतताना विमान घेतलं, बसची हिंमत नव्हती. विमानतळ त्याच जागी आहे जिथे फ्रेंचांची धावपट्टी होती. मार्च संपता संपता ती तोफांच्या माऱ्याखाली बंद पडली आणि जखमींना बाहेर काढणं थांबलं. आमचं विमान वेळेवर निघालं. खिडकीला नाक लावून ए-वन शोधत होतो. घरांच्या छपरांत सापडली नाही.