शेततळं दहातल्या किती वर्षी भरेल: रोजच्या पावसाचा हिशेब

शिंदखेडा, अमळनेर, पारोळा या पट्ट्यात कोरडवाहू कपाशीला वेळेवर एखादं संरक्षित पाणी (पावसाच्या खंडात तळ्यातून दिलेलं) मिळालं की हंगाम तरतो, हे कुणाला सांगायला नको. अडतं ते आकड्यांपाशी. ३० × ३० × ३ मीटरचं तळं आहे, वरच्या अंगाला दोन हेक्टर रान आहे. दहातल्या किती वर्षी ऑक्टोबरात एक हेक्टर कपाशीला ५० मिमी, म्हणजे ५०० घनमीटर पाणी देता येईल?

प्रकल्प अहवालांत याचं उत्तर बहुतेकदा एका ओळीत उरकलेलं असतं: वार्षिक सरासरी पाऊस, त्याचे अमुक टक्के वाहून येणार, गुणिले क्षेत्र. हा गुणाकार इथे निरुपयोगी आहे. पाणी वाहतं ते एकेका सरीचं. वर्षाची बेरीज कितीही असो.

कर्व्ह नंबर पद्धतीने हे लगेच दिसतं. कर्व्ह नंबर म्हणजे रानातून पाणी किती सहज वाहून जातं ते सांगणारा शंभरपर्यंतचा आकडा; जितका मोठा, तितकं जास्त पाणी वाहतं. काळ्या रानाचा कर्व्ह नंबर ८५ धरू. जमिनीची धारणक्षमता = २५४०० ÷ ८५ − २५४, म्हणजे ४४.८ मिमी. मग अपधाव, म्हणजे वाहून येणारं पाणी = (पाऊस − ०.२ × धारणक्षमता)² ÷ (पाऊस + ०.८ × धारणक्षमता). एका दिवसात ५० मिमी कोसळला तर १९.६ मिमी वाहून येतो. तेच ५० मिमी पाच दिवसांच्या झडीत रोज १० मिमी असे पडले तर पाचही दिवसांचं मिळून ०.१ मिमी. पिकाला झड चांगली, तळ्याला तिचा उपयोग नाही. म्हणून महिन्याची आकडेवारी घेऊन बसू नये, हिशेब रोजचा हवा.

जमीन आधीच किती ओली आहे यानेही चित्र पालटतं. मागच्या पाच दिवसांचा पाऊस ३६ मिमीच्या आत असेल तर जमीन कोरडी धरतात, ५३ च्या वर असेल तर ओली. कर्व्ह नंबर ८५ चा कोरड्यात ७१ आणि ओल्यात ९३ होतो. आपल्याकडच्या काळ्या जमिनीसाठी सूत्रातला ०.२ सुद्धा बदलतो: कोरड्यात ०.३, बाकी वेळी ०.१ (खालचा ०.८ त्यानुसार ०.७ किंवा ०.९). मग तोच ५० मिमी जूनमध्ये भेगाळलेल्या रानावर पडला तर जेमतेम ३ मिमी वाहतो, भरल्या भाद्रपदात ३४ मिमी. सूत्रं परदेशी पाठ्यपुस्तकातून जशीच्या तशी उचलली की जूनमध्येच तळं भरताना दिसतं. प्रत्यक्षात ते पाणी भेगांत गेलेलं असतं.

आता आकडेवारी. भारतीय हवामान विभागाचा रोजचा ग्रिड पाऊस, म्हणजे नकाशावर चौकटी पाडून प्रत्येक चौकटीला दिलेला एकेक आकडा, १९०१ पासून मिळतो. चौकट पाव अंशाची, म्हणजे खान्देशात साधारण ७२० चौरस किलोमीटर. सातपुड्याचा पायथा आणि तापीकाठ एकाच चौकटीत येऊ शकतात. एका गावातली ८० मिमीची सर चौकटभर पसरून २५ मिमी होते, आणि शेजारच्या कोरड्या गावातही ‘पाऊस’ दिसतो. पावसाचे दिवस वाढतात, मोठे दिवस घटतात आणि वर सांगितलेल्या कारणाने अपधाव जवळजवळ नाहीसा होतो.

यावर उपाय म्हणून लोक गुणक लावतात: महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाची बेरीज भागिले ग्रिडची बेरीज. त्याने बेरीज जुळते, सरी जुळत नाहीत. त्याऐवजी दोन्हीकडे नोंद असलेल्या वर्षांचे जून ते सप्टेंबरचे रोजचे आकडे उतरत्या क्रमाने लावा आणि क्रमांकाला क्रमांक जोडा: ग्रिडचा दहावा मोठा दिवस म्हणजे मापकाचा दहावा मोठा दिवस. हीच जोडणी जुन्या वर्षांना लावा. मापकाची दहा वर्षं हाताशी नसतील तर वरच्या टोकाच्या दोनचार आकड्यांवर फार भरवसा ठेवू नका.

दोन बारीक खड्डे आहेत. ग्रिडमध्ये नोंद नसेल तिथे −९९९ असतं. ते रिकामं न करता बेरीज केली तर वर्षाचा पाऊस उणे येतो आणि निदान चूक कळते. तापमानाच्या फाइलीत मात्र त्याच कामाला ९९.९ वापरलंय. जळगावच्या मे महिन्यात ते सरासरीत गुपचूप मिसळून जातं. दुसरं, हवामान विभागाचा दिवस सकाळी ८.३० ला संपतो. काल रात्रीची सर आजच्या तारखेला लागते. उपग्रहावर आधारलेली आकडेवारी शेजारी लावली की दोन्ही मालिका एका दिवसाने सरकलेल्या दिसतात, आणि सहसंबंध वाईट आला म्हणून चांगली नोंद टाकून दिली जाते.

तळ्याचा हिशेब एक्सेलमध्येही होतो. ३० वर्षांच्या सुमारे ११ हजार ओळी, पायथनला तर काहीच नाही. रोजचा क्रम पाळा: आलेलं पाणी आणि तळ्यावर थेट पडलेला पाऊस मिळवा, क्षमतेच्या वरचं सांडव्यातून सोडा, बाष्पीभवन आणि पाझर वजा करा, मग पिकाला द्या. काठाच्या उताराला १:१ धरलं तर क्षमता २१९६ घनमीटर. पण तळ्याचे काठ तिरके असतात, त्यामुळे अर्ध्या खोलीला, दीड मीटरवर, अर्धं नाही तर ९७७ घनमीटरच पाणी असतं. बाष्पीभवनाचं क्षेत्रही रोज पातळीनुसार बदला. कायम ९०० चौरस मीटर ठेवलं तर जानेवारीनंतर तळं नाहक लवकर आटतं.

बाष्पीभवनाला हार्ग्रीव्ह्जचं सूत्र पुरतं, कारण त्याला फक्त कमाल आणि किमान तापमान लागतं. ऑक्टोबरात रोज सुमारे ५ मिमी येतं, मेमध्ये ८ च्या आसपास. वाऱ्याचा त्यात विचार नाही, म्हणून उन्हाळ्यात ते कमीच दाखवतं.

पाणी कधी द्यायचं हा नियम सगळ्यात दुर्लक्षित. काळ्या जमिनीत एक मीटर मुळांच्या खोलीला १५० मिमी उपलब्ध ओल धरली आणि त्यातली ६५ टक्के संपेपर्यंत कपाशी तग धरते असं मानलं, तर सुमारे ९७ मिमी हाताशी असतात. रोजच्या ५-६ मिमी खर्चाने १६ ते १९ दिवसांचा खंड निघतो. मुरमाड हलक्या रानात फुटभर मातीखाली मुरूम लागतो. तिथे तेवढ्याच हिशेबाने पाच-सहा दिवसच निघतात. अशा जमिनीला हे तळं पुरेसं आहे का, हा वेगळाच प्रश्न. आणि मॉडेलला उद्याचा पाऊस दिसू देऊ नका. पाणी कधी दिलं तर सगळ्यात फायद्याचं, हे वर्षभराची मालिका बघून शोधलं की निकाल छान येतात. शेतकरी मात्र हस्त पडेल म्हणून थांबलेला असतो.

नोंदी अपुऱ्या म्हणून कृत्रिम पाऊस तयार करणारेही आहेत: काल ओला की कोरडा यावरून आजची शक्यता, आणि पडला तर किती ते गॅमा वितरणातून (लहान सरी पुष्कळ, मोठ्या थोड्या असं मांडणारं संख्याशास्त्रातलं सूत्र). हजार वर्षं मिनिटभरात मिळतात. पण असा पाऊस लांब खंड कमी दाखवतो आणि चांगल्या-वाईट वर्षांतला फरकही पुसट करतो. वापरायचाच असेल तर सरासरी जुळली यावर समाधान मानू नका. दरवर्षीचा सगळ्यात लांब खंड काढून खऱ्या वर्षांच्या शेजारी मांडा. जुळला नाही तर खरीच वर्षं अख्खी उचलून वापरलेली बरी.

कर्व्ह नंबर स्वतः पाच इकडे-तिकडे करून बघाच. वरच्या ५० मिमीला ८० घेतला तर १३.८ मिमी, ९० घेतला तर २७.१. उत्तर ‘दहात सात वर्षं’ असं एका आकड्यात लिहू नये, ‘पाच ते आठ’ असंच लिहावं.

पाझर मात्र संगणकात सापडत नाही. अस्तर नसलेल्या तळ्यात सेंटीमीटरच्या खुणा केलेली पट्टी उभी रोवा. पाऊस थांबल्यावर, पाणी उपसलेलं नसताना, रोज सकाळी एकाच वेळी आठ-दहा दिवस पातळी टिपा. दिवसाला २० मिमी घट आणि ५ मिमी बाष्पीभवन असेल तर १५ मिमी पाझर: भरल्या तळ्यातून रोज साडेतेरा घनमीटर, महिन्याला ४०० च्या वर. एका पाण्याला लागतात ५००. मोजणी भरल्या तळ्यात एकदा आणि निम्म्यावर आल्यावर एकदा करावी, कारण गाळ बसलेला तळ आणि वरचे काठ सारखे पाझरत नाहीत.