एकेरी ठिपक्यांची वाट

तलाठ्याकडे रस्त्याचे वाद येतात ते बहुतेक शेताचे. बांधावरून बैल जाऊ देत नाहीत, ट्रॅक्टर अडवला, सख्ख्या भावाने काटेरी कुंपण घातलं. असे पन्नासेक पंचनामे तरी मी लिहिले असतील. माशांसाठी वाट मागणारा अर्ज मात्र एकच आला. करोनाच्या आदल्या उन्हाळ्यात, मे महिन्यात. तेव्हा मी कर्जत तालुक्यात होते.

अर्जदार कातकरवाडीतली एक म्हातारी, आणि तिच्या अंगठ्याखाली आणखी अकरा बायकांचे अंगठे. सामनेवाले मुंबईचे एक गृहस्थ, नदीला लागून असलेल्या साडेतीन एकराच्या फार्महाउसचे मालक. मागणी दोन ओळींची: वाडीतून डोहावर जाणारी वाट गेट लावून बंद केली आहे, ती खुली करून मिळावी.

नदी म्हणजे पेज. इकडच्या बाकीच्या नद्या शिमगा झाला की नुसते गोटे दाखवतात. पेज मात्र मे महिन्यातही वाहते, कारण तिच्यात टाटाचं पाणी आहे. घाटमाथ्यावर ठोकरवाडीच्या धरणात अडवलेलं पाणी 1922 पासून पाइपांमधून भिवपुरीच्या वीजघरात उतरतं, वीज करतं आणि खाली पेजेत सुटतं. खरं तर ते भीमेच्या खोऱ्यातलं पाणी. घाट उतरून उल्हास नदीला मिळतं. पाणी बारमाही, म्हणून मासा बारमाही. आणि पाणी बारमाही म्हणूनच काठच्या जमिनीला मुंबईचं गिऱ्हाईकही बारमाही. मी तिथे होते त्या चार वर्षांत नदीकाठच्या जमिनींचे जेवढे फेरफार नोंदवले, तेवढे उरलेल्या सगळ्या शिवाराचे मिळून नसतील. नोंदवताना काही वाटत नाही. खरेदीखत बघायचं, नोटीस काढायची, मुदत संपली की नोंद पुढे पाठवायची. कुंपणं नंतर दिसतात.

नायब तहसीलदार साहेबांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "मॅडम, मासे धरायला जायचा रस्ता कुठल्या कलमात बसवू?"

प्रश्न बरोबर होता. रस्त्याच्या केसेस आम्ही मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली चालवतो, आणि ते शेताच्या रस्त्याचं कलम आहे असंच सगळे धरून चालतात. वनहक्क कायद्यात माशांवरचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिलेला आहे, पण इथे वनजमीन नव्हती, खाजगी वरकस, म्हणजे भातशेतीबाहेरची हलकी जमीन, होती. त्या रात्री मी मूळ इंग्रजी कलम काढून बोट ठेवून वाचलं. शेती, चराई, झाडं, पिकं, आणि त्या रांगेत शेवटी एक शब्द: फिशरीज. पुढे, तिथे जाण्याचे रस्ते आणि वहिवाटीच्या वाटा. शंभरावर वर्षं तो शब्द तिथे पडून होता. आमच्या कार्यालयात तो कुणी वापरल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

कलमाला एक अट आहे. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज यायला हवा. मालकाच्या वकिलाने नेमकं तेच धरलं. लेखी म्हणणं आलं की गेट आणि कुलूप मागच्या पावसाळ्याच्या सुरुवातीपासूनचं आहे. म्हणजे अकरा महिने. अर्ज मुदतबाह्य, विषय संपला.

स्थळपाहणीला सकाळी नऊला पोहोचलो. मी, सर्कल भाऊसाहेब, कोतवाल, पोलीस पाटील, दोन पंच. नायब तहसीलदार साहेब अकराला येणार होते. मालक आधीच आलेले होते. गृहस्थ सभ्य. खुर्च्या टाकल्या, सरबत दिलं, आम्ही घेतलं नाही. गेटवर पाटी होती: "नदीवर जाण्यास सक्त मनाई. मा. जिल्हाधिकारी यांच्या आदेशानुसार."

"हा कुठला आदेश, साहेब?"

"तो नाही का, पावसाळ्यात निघतो, टुरिस्ट लोक बुडतात म्हणून."

तो आदेश धबधब्यांचा आणि धरणांचा. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 खालचा, दोन महिन्यांच्या वर चालत नसे. यांनी तो रंगवून बारमाही केला होता. कोतवालाने पाटीचा फोटो काढला, तेव्हा मालक जरा ओशाळले.

गेट उघडायला रखवालदार आला. विशी-बाविशीचा पोरगा, मालकाने दिलेला निळा युनिफॉर्म, मान खाली. म्हातारीने त्याच्याकडे बघितलं नाही, त्यानेही नाही. पोलीस पाटलांनी माझ्या कानाशी सांगितलं, "तिचा भाचाच आहे तो. भावाचा पोरगा." मला नवल वाटलं नाही. या पट्ट्यातल्या निम्म्या फार्महाउसवर राखणीला कातकरीच आहेत. ज्यांची वाट अडली, त्यांच्याच पोराच्या कमरेला किल्ली.

मी गावनकाशा उलगडला. आमच्या नकाशांत दुहेरी ठिपके म्हणजे गाडीवाट आणि एकेरी ठिपके म्हणजे पाऊलवाट. वाडीपासून एकेरी ठिपक्यांची एक रेघ निघून या जमिनीच्या कडेने सरळ नदीला भिडत होती. म्हणजे वाट होती यात वाद नाही. "पण आमची सात-बाराची हद्द नदीपर्यंत आहे," मालक म्हणाले. हद्द असेल. नदीचं पात्र सरकारचं, जमीन महसूल संहितेच्या कलम 20 प्रमाणे. तुमची जमीन पात्राच्या काठाला संपते. आणि पात्रापर्यंत जायची वाट जमिनीसोबत विकली जात नाही. हे सगळं मी एवढं फाडकन बोलले नाही. सर्कल भाऊसाहेब पुढे होते, मी लिहीत होते.

आता प्रश्न फक्त तारखेचा. मी म्हातारीला विचारलं, "आजी, वाट कधी बंद झाली?"

"कुलूप मागच्याच पावसाचा हाय, बाय."

माझं पेन थांबलं. मालकाच्या वकिलाने मान डोलावली.

"मग पावसाळ्यापासून येणं बंद?"

"नाय गं. आमी शिमग्यापातूर येत होतो."

"कुलूप असताना?"

ती गप्प. रखवालदार आंब्याच्या बुंध्याकडे बघत उभा. त्या आंब्यावर, माणसाच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर, पांढरा कॅमेरा होता. नवाकोरा, वायरीवरची पट्टीसुद्धा अजून पिवळी. मला कळलं. कुलूप होतं, पण भाचा होता. पहाटे उघडत असेल, बायका जाऊन येत असतील. कॅमेरा बसला आणि भाच्याचा हात थांबला. अडथळा कुलूप लागलं त्या दिवशी झाला, की ते उघडायचं बंद झालं त्या दिवशी? कायद्याच्या दृष्टीने दुसरंच खरं, असं माझं मत. पण ते सिद्ध करायला त्या पोराचा जबाब लागणार होता, आणि जबाब दिला की संध्याकाळी नोकरी गेली. सर्कल भाऊसाहेब त्याला बोलवायला वळले, तेव्हा म्हातारी मधे आली. "त्याला नका इचारू. नाय मिलाली वाट तर नाय मिलाली."

साहेब यायला अजून तासभर होता. आम्ही वाटेने खाली डोहाकडे निघालो.

तिथे एक गंमत झाली. म्हातारी आमच्या पुढे होती. डोहाच्या तोंडाशी पाणी गुडघाभर आणि खळखळतं, तिथे पोचल्यावर ती आम्हाला विसरलीच. लुगडं खोचलं आणि शिरली. डावा हात दगडाच्या खालच्या अंगाला, पंजा वाडग्यासारखा वळवलेला. उजव्या हाताने दगड वरच्या बाजूने सावकाश उचलला. गाळ सुटून पाण्याबरोबर वाहिला आणि त्या गढुळातून पळणारी मुरी थेट तिच्या पंजात आली. बोटभर लांब, अंगावर पट्टे. ती तिने दातात धरली, कारण हात पुढच्या दगडाला हवे होते. पाच-सात मिनिटांत ओच्यात दहाबारा मुऱ्या, एक शिंगटी आणि दोन कोळंब्या. शिंगटी काढताना तिचा काटा लागू नये म्हणून तिने ती मानेला वरून दाबून धरली. सर्कल भाऊसाहेब म्हणाले, "आजी, पंचनामा चालू आहे." ती म्हणाली, "चालू दे की." मग वर उन्हाकडे बघून आपणहून बाहेर आली. "आता पानी सुटंल." पुढच्या अर्ध्या तासात डोहाची पातळी वीतभर चढली. वीजघराचं वेळापत्रक तिला कुणी कळवलेलं नव्हतं.

मालक काठावर उभे राहून बघत होते. त्यांनी मला बाजूला बोलावलं आणि मोबाइलवर चित्रफीत दाखवली. रात्रीची, कॅमेऱ्यातली. शेजारच्या नाल्यातून आलेले तिघे, पाठीवर इन्व्हर्टरची बॅटरी, बांबूला तार. करंट. पाण्यात तार टाकली की हातभर अंतरावरचं सगळं उलटं होऊन वर येतं. मोठे तेवढे उचलायचे, बारीक पिल्लं तशीच वाहत जातात. "मॅडम, ही माणसं वाडीची नाहीत, मला माहीत आहे. पण वाट उघडी केली की हे बाइकवरून येणार. बाकी सगळीकडे नदी झाडून नेली. या डोहात मासा उरलाय तो माझ्या गेटमुळे."

मी काही बोलले नाही, कारण त्यात तथ्य होतं. सुरुंग लावणं, विष कालवणं 1897 च्या कायद्यापासून गुन्हा आहे, पण रात्री दोन वाजता नदीवर कोण बघतं? मी सज्जातल्या इतर डोहांवर गेले होते. तिथे मरळ दिसत नाही, वाम दिसत नाही, चिलापी तेवढी दिसते. मात्र त्यांच्या पोहण्याच्या तलावाचा तीन इंची पाइप नाल्यात उतरलेलाही मला दिसला होता, आणि तलाव रिकामा करताना ते क्लोरिनचं पाणी कुठे जात असेल हे सांगायला नको. तोही मी कच्च्या नकाशात दाखवला. मालकांना ते आवडलं नाही.

परतताना मला ते दिसलं. खरं तर येतानाच दिसायला हवं होतं. वाटेच्या दोन्ही अंगांना गुडघाभर वाळकं गवत, पिवळं, आडवं झालेलं. पावसात उगवलेलं, दिवाळीनंतर सुकलेलं. मधली वाट मात्र कोरी. दीड पावलाची, घट्ट, तेलकट झालेली माती, तिच्यात गवताची एक काडी उभी नाही. कोकणातली कुठलीही वाट एक पावसाळा सोडून दिली तर दसऱ्याला सापडत नाही. ही वाट जून महिन्यापासून बंद असती, तर आम्ही इथवर गवत कापत आलो असतो.

"ही तर माळ्याची वाट आहे, पंपाकडे जायची," वकील म्हणाले. पंप दुसऱ्या टोकाला होता, त्याला स्वतःची फरशीची वाट होती. मी टेपने रुंदी मोजली, पाच ठिकाणी. दोन्हीकडच्या गवताची उंची मोजली. मधे एक सपाट खडक होता, बायका पाटी टेकवतात तसा, त्याच्या फटीत माशांची खवलं चिकटलेली होती, सुकून अभ्रकासारखी झालेली. ती पंचांसमक्ष कागदाच्या पुडीत घेतली. साहेब आले तेव्हा त्यांनी वाट दोनदा चालून बघितली, मग वकिलांना विचारलं, "गवत इथेच का नाही उगवलं?" उत्तर आलं नाही. रखवालदाराचा जबाब घ्यायची गरज राहिली नाही, असं साहेबांनी स्वतःच सांगितलं. कॅमेऱ्याबद्दल मी पंचनाम्यात एक अक्षर लिहिलं नाही. चूक की बरोबर, ते त्या दिवशी मी फार तपासलं नाही.

सही-अंगठे घेताना म्हातारीने विचारलं, "वाट केवढी लिवतेस?"

मला वाटलं ती जास्त मागणार. अशा वेळी सगळेच दहा-बारा फुटांची मागणी करतात.

"डोक्यावर पाटी घेऊन एक बाय जाईल तेवढीच लिव. मोटारसायकल नको जावाला."

तिने मालकाची चित्रफीत पाहिलेली नव्हती. करंटवाल्यांना ती आधीपासून ओळखून होती. नकाशावर एकेरी ठिपके आहेत, म्हणजे पाऊलवाटच, त्यामुळे तिचं म्हणणं लिहायला काही अडचण नव्हती. साहेबांनी तीन फूट धरले. तोंडाशी दोन दगडी खांब रोवायचे, मधे माणूस जाईल एवढी फट, असं तोंडी ठरलं. मालक लगेच हो म्हणाले. त्या सगळ्या दिवसात दोन्ही बाजूंचं एकमत झालं ते एवढ्यावरच.

मनाई हुकूम जून उजाडताना निघाला: वहिवाटीला अडथळा करू नये. मालक प्रांतांकडे, म्हणजे तहसीलदारांच्या वरच्या अधिकाऱ्यांकडे, फेरतपासणीत गेले, तिथे हुकूम कायम राहिला. दरम्यान पावसाळ्याच्या तोंडावरच त्यांनी रखवालदार बदलला. कारण विचारायला मी कोण. नवीन माणूस घाटावरचा आहे, असं कोतवाल म्हणाला.

पहिला जोराचा पाऊस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुसऱ्याच कामासाठी तिकडे गेले होते. वलगण लागली होती. मासे चढणीला निघालेले, नदीतून नाल्यात, नाल्यातून खाचरात. स्कूटर खांबांपाशी लावावी लागली आणि छत्री मिटून आडवं होऊन आत शिरावं लागलं. पाठीवरची पर्स अडकली. समोरून म्हातारी येत होती, डोक्यावर पाटी, मागे दोन पोरी, आणि सर्वांत मागे तो भाचा, निळा युनिफॉर्म नसलेला, खांद्यावर पाग, फेकायचं जाळं. मी वाटेतून बाजूला झाले. बाजूला व्हायला जागा नव्हती, म्हणून गवतात उभी राहिले.