कित्तूरचा थॅकरे मूळचा कुठला?

मागच्या वर्षी ऑक्टोबरात भाचीला कित्तूरचा किल्ला दाखवायला नेले होते. बेळगावहून धारवाडकडे जाताना पन्नासेक किलोमीटरवर हे गाव लागते. राणी चन्नम्मांच्या वाड्याच्या पडक्या मातीच्या भिंती, त्यांच्यामधून फिरणारी शाळेची मुले आणि मोठ्या आवाजात कन्नडमधून इतिहास सांगणारे त्यांचे मास्तर असे तिथले दृश्य होते. मास्तरांच्या तोंडी वारंवार ‘थ्याकरे’ हे नाव येत होते. भाची थोडा वेळ ऐकत राहिली आणि मग हळूच म्हणाली, “मामा, हा थ्याकरे म्हणजे आपल्या ठाकऱ्यांपैकीच का?” मी नाही म्हटले. त्यावर तिने लगेच पुढचा प्रश्न विचारला : “मग तो कुठला?”

तो इंग्रज होता, एवढे उत्तर मी त्या वेळी दिले. पण आपल्याकडे एखाद्याला ‘कुठला’ म्हणून विचारले तर देशाचे नाव सांगून भागत नाही, गाव सांगावे लागते. येताना गाडीत तो प्रश्न माझ्या डोक्यात घोळत राहिला आणि पुढचे काही महिने मी या एका आडनावाच्या मागे लागलो.

सेंट जॉन थॅकरे हा ईस्ट इंडिया कंपनीचा धारवाडचा कलेक्टर होता. कित्तूरचे दत्तकविधान कंपनीने नामंजूर केल्यानंतर संस्थान ताब्यात घेण्यासाठी तो फौज घेऊन आला आणि २३ ऑक्टोबर १८२४ रोजी किल्ल्याच्या दाराशी मारला गेला. आपल्या भागात त्याचे नाव उरले ते केवळ त्याच्या मरणामुळे. त्याचे वडील बंगालमध्ये कंपनीच्या नोकरीत होते आणि हत्ती पकडून विकण्याच्या धंद्यामुळे त्यांचे नाव झाले होते. त्याचे आजोबा लंडनजवळच्या हॅरो येथील प्रसिद्ध शाळेचे मुख्याध्यापक होते. हे आजोबा थॉमस थॅकरे १६९३ साली यॉर्कशायरमधील हॅम्प्सथ्वेट या नीड नदीकाठच्या खेड्यात जन्मले. कित्तूरपासून हॅरोपर्यंत आणि हॅरोपासून हॅम्प्सथ्वेटपर्यंतचा माग अशा रीतीने वंशावळीतून लागतो. मात्र तिथे वंशावळ एका घराण्यापुरती राहते, आणि आडनावाचा उगम शोधायचा तर एका घराण्यावर विसंबून चालत नाही. ते नाव लावणारी सगळी माणसे कुठे राहत होती, हे पाहावे लागते.

आधी शब्दाकडे पाहू. थॅकरे हे नाव जुन्या नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेतल्या, दोन शब्दांपासून बनले आहे. ‘थाक’ म्हणजे छप्पर शाकारायचे गवत किंवा बोरू, आणि ‘व्रा’ म्हणजे कोपरा, आडबाजूची जागा. शाकारणीचे गवत जिथे उगवते तो कोपरा, असा त्याचा सरळ अर्थ आहे. हे मूळचे माणसाचे नाव नसून जागेचे नाव आहे, आणि ती जागाही ठाऊक आहे : यॉर्कशायरच्या वेस्ट रायडिंग भागात, वॉशबर्न नदीच्या खोऱ्यात, ग्रेट टिंबल या गावाच्या हद्दीत थॅकरे नावाची लहानशी वस्ती होती. १३७९ सालच्या डोईपट्टीच्या याद्यांत हे आडनाव ‘द थॅकरा’ अशा रूपात आढळते. तिथला ‘द’ म्हणजे आपला ‘कर’च. मराठीच्या चालीवर लिहायचे झाले तर कित्तूरला पडलेला कलेक्टर हा सेंट जॉन थॅकरेकर होता.

गावावरून पडलेल्या आडनावाची एक गंमत आम्हा सीमाभागातल्या लोकांना समजावून सांगावी लागत नाही. असे आडनाव माणसाला गाव सोडल्यावर चिकटते. माझे पणजोबा येळ्ळूर सोडून शहापुरात आले आणि शहापूरच्या लोकांनी त्यांना येळ्ळूरकर केले. येळ्ळुरात राहिलेले आमचे भाऊबंद आजही पाटीलच आहेत. गावातच राहणाऱ्याला गावाचे नाव लावून कोणी ओळखत नाही, कारण तिथे सगळेच त्या गावचे. म्हणून अशा आडनावाच्या नकाशात गाव स्वतः बहुधा रिकामे असते आणि त्याच्या भोवती, एका दिवसाच्या वाटेवर, नाव दाटलेले असते. कडोलकर, उचगावकर, सांबरेकर या मंडळींची घरे कुठे कुठे आहेत हे मनाशी मोजून पाहा, म्हणजे माझे म्हणणे ध्यानात येईल. थॅकरे आडनावाचेही हेच झाले. टिंबलपासून जेमतेम पंचवीसएक किलोमीटरवर लीड्स हे कापड गिरण्यांचे मोठे शहर वाढले आणि या नावाची माणसे मोठ्या संख्येने तिथे स्थिरावली. कामगारांना धंद्यापायी होणाऱ्या आजारांवर १८३१ साली ग्रंथ लिहिणारे सर्जन चार्ल्स टर्नर थॅकरा लीड्सचेच होते. १९०२ साली औषधांचे दुकान काढून पुढे शस्त्रक्रियेच्या सामानाच्या धंद्यात उतरलेले आणि ज्यांच्या नावाचे वैद्यकीय संग्रहालय आज तिथे उभे आहे ते थॅकरेही लीड्सचेच.

अशी माणसे मोजायची कशी? ब्रिटनमध्ये यासाठी सर्वांत उपयोगी पडते ती १८८१ सालची जनगणना. ३ एप्रिलच्या रात्री जो माणूस जिथे मुक्कामाला होता तिथे त्याचे नाव नोंदवले गेले, आणि शंभर वर्षे उलटल्यावर ती पाने लोकांना खुली झाली. पुढे हजारो हौशी स्वयंसेवकांनी ती हाताने उतरवून काढली, त्यामुळे इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमधील प्रत्येक आडनाव परगण्यागणिक मोजता येऊ लागले. आपल्याकडची जनगणना आडनावांचे आकडे प्रसिद्ध करत नाही आणि व्यक्तीची माहिती कायद्याने गुप्त राहते. म्हणून येळ्ळूरकर किती आणि कुठे, हे मला मतदारयाद्या चाळूनच अंदाजाने काढावे लागेल. या बाबतीत मला त्या देशाचा खरोखर हेवा वाटतो.

मोजणीत मात्र एक फसवी जागा आहे आणि तिथे पुष्कळ जण चुकतात. नुसती डोकी मोजली तर कोणतेही आडनाव मोठ्या शहरात जास्त दिसते, कारण तिथे माणसेच जास्त असतात. उद्या कोणी येळ्ळूरकरांची यादी केली आणि पुण्या-मुंबईत त्यांची संख्या भरली, तर आम्ही मूळचे पुण्याचे ठरणार नाही. म्हणून संख्या न पाहता प्रमाण पाहायचे असते. १८८१ साली इंग्लंड आणि वेल्सची लोकसंख्या सुमारे २ कोटी ६० लाख होती आणि त्यात यॉर्कशायरचा वाटा सुमारे २९ लाखांचा, म्हणजे दर नऊ माणसांत एक. एखादे आडनाव देशभर सारखे पसरलेले असेल, तर ते लावणाऱ्या दर नऊ जणांत एक यॉर्कशायरमध्ये सापडावा. थॅकरे आणि त्याची भावंडे असलेली रूपे पाहिली तर बहुसंख्य माणसे या एकाच परगण्यात, त्यातही त्याच्या पश्चिम भागात, आढळतात. पाच शतके उलटून, कापड गिरण्या येऊन, रेल्वे धावू लागूनही नाव आपल्या कोपऱ्यापासून फारसे हलले नव्हते.

याच्या उलट टोकाला स्मिथ आहे. १८८१ साली त्या देशात चार लाखांहून अधिक स्मिथ होते, आणि ते असणारच, कारण स्मिथ म्हणजे लोहार आणि लोहार गावोगाव होता. आपल्याकडे पाटील, देसाई, कुलकर्णी यांचे तेच आहे. प्रत्येक गावाला पाटीलकी होती, म्हणून पाटलांचा नकाशा काढला तर सगळा मुलूखच रंगून निघतो आणि उगमाविषयी काहीच कळत नाही. दुर्मीळ आडनाव बोलते ते यासाठी, की त्याचा उगम बहुधा एकाच जागी, कधी कधी एकाच घरात असतो. याचा पडताळा डीएनए चाचणीतूनही घेतला गेला आहे. साईक्स या वेस्ट रायडिंगमधल्याच आडनावाच्या पुरुषांचे, बापाकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र तपासून २००० साली एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यात एकमेकांशी नात्याची ओळख नसलेल्या या पुरुषांपैकी निम्म्याच्या आसपास जणांमध्ये एकच गुणसूत्र-रूप आढळले. मधल्या शतकांतील दत्तक, विवाहबाह्य संतती आणि नावबदल लक्षात घेता हे प्रमाण मला फार मोठे वाटते.

आडनावे दुर्मीळ का होतात, याचे गणितही जुने आहे. फ्रान्सिस गॉल्टन आणि हेन्री वॉटसन यांनी १८७४ साली दाखवले, की रोगराई किंवा लढाई नसतानाही, केवळ काही घरांत मुलगे न झाल्याने किंवा ते निपुत्रिक राहिल्याने, पिढ्यांमागून पिढ्या जाताना आडनावे आपोआप संपत जातात. ज्या घराण्याला दत्तक नाकारल्यामुळे हे सगळे घडले त्या घराण्याच्या किल्ल्यात उभे राहून हा विचार करताना मला चैन पडत नव्हते. नाव पुढे चालण्यासाठी कित्तूरकरांनी मुलगा दत्तक घेतला. तो नामंजूर करायला आलेल्याचे स्वतःचे नावही अशाच एका बारीक धाग्यावर पाच शतके चालत आले होते.

आता स्पेलिंगविषयी. थॅकरे, थॅकरा, थॅकव्रे अशी या नावाची निरनिराळी रूपे आहेत आणि रोमन लिपीत ती आणखी वेगळी दिसतात. त्यांतले ‘ई’ अक्षर नसलेले आखूड रूप यॉर्कशायरमध्ये जास्त आढळते, तर कलेक्टरसाहेबांचे ‘ई’ असलेले लांब रूप त्या मानाने दुर्मीळ आहे. जुन्या काळी चर्चचा कारकून कानावर पडेल तसे लिहून घेत असे आणि ज्याचे नाव त्याला बहुधा वाचता येत नसे. मला यात काही परके वाटत नाही. माझ्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर आमच्या आडनावात एकच ‘एल’ आहे, वडिलांच्या कागदांवर दोन आहेत, आणि माझ्या रेशनकार्डावर एका कार्यालयातल्या कारकुनाने कन्नडमधून रोमनमध्ये उतरवताना सुरुवातीचा ‘वाय’च गाळून टाकला. ही तिन्ही माणसे एकाच घरातली आहेत, हे सिद्ध करण्यासाठी मला नोटरीकडे जाऊन प्रतिज्ञापत्र करावे लागले. शंभर वर्षांनी कोणी यंत्राने आमची मोजणी केली तर आम्ही तीन घराणी ठरू. म्हणून आडनावाचा नकाशा काढण्यापूर्वी त्याची सगळी रूपे एकत्र आणणे हे पहिले आणि सर्वांत चिकाटीचे काम असते. कित्तूरच्या लढाईत कैद झालेला थॅकरेचा तरुण मदतनीस वॉल्टर एलियट हा स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या सीमाभागातल्या घराण्यातला होता. तिकडे एलियटांच्या नावात किती ‘एल’ आणि किती ‘टी’ आहेत यावरून ते कोणत्या शाखेचे हे सांगणारे एक जुने कवनच आहे. सीमेवरच्या माणसांना अक्षरांची किंमत जास्त कळते, असे मला हे वाचताना वाटले.

आणि इथेच भाचीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तरही दडलेले आहे. कित्तूरच्या कलेक्टरचा पुतण्या विल्यम मेकपीस थॅकरे १८११ साली कलकत्त्यात जन्मला आणि पुढे मोठा कादंबरीकार झाला. प्रबोधनकार केशव सीताराम ठाकरे हे त्याच्या लेखनाचे चाहते, म्हणून त्यांनी आपले आडनाव इंग्रजीत लिहिताना त्याचे स्पेलिंग घेतले. बेळगावात हे नाव लहान मुलालाही माहीत आहे, त्यामुळे भाचीचा घोटाळा होणे साहजिक होते. नाव मराठीच, उच्चार मराठीच, केवळ रोमन अक्षरे यॉर्कशायरची. त्यामुळे आज जगातील आडनावे रोमन अक्षरांवरून मोजणारे कोणतेही यंत्र मुंबईच्या ठाकऱ्यांना आणि लीड्सच्या थॅकऱ्यांना एकाच रकान्यात टाकील. अशा नकाशावर महाराष्ट्रात ठिपके दिसले म्हणून वॉशबर्नच्या खोऱ्यातून कोणी इकडे येऊन वसले असे समजू नये.

हे सगळे मी भाचीला दिवाळीच्या सुट्टीत सांगितले. तिने फोनवर नकाशा उघडला आणि ती वस्ती दाखवायला सांगितली. लीड्स शहराला पाणी पुरवण्यासाठी वॉशबर्न नदीवर बांधलेला फ्यूस्टनचा तलाव १८७९ साली पूर्ण झाला आणि थॅकरे ही वस्ती त्याच्या पाण्याखाली गेली. ज्या जनगणनेवरून आपण या नावाचा उगम ओळखतो, ती त्यानंतर दोनच वर्षांनी झाली. मी तिला लीड्सपासून वायव्येला यायला सांगितले; ती बोटाने नकाशा सरकवत फ्यूस्टनपर्यंत आली आणि तिथल्या निळ्या पट्ट्यावर थांबली. हिडकल धरणात बुडालेले हुन्नूरचे विठ्ठल मंदिर उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर आम्ही दोघांनी पाहिलेले आहे. “तिथले पाणी कधी उतरते?” असे तिने विचारले.