सिंहलद्वीपाचे विशेषण

मी चिनी शिकतो आणि बीजिंगमधील एक विद्यार्थिनी इंग्रजी पक्के करते, अशी आमची आठवड्यातून एकदा देवाणघेवाण चालते. परवा ती 'सेरेंडिपिटस', म्हणजे शोधत नसताना अवचित लाभलेले, हे विशेषण घेऊन आली. उच्चार तिने चटकन उचलला, पण तिचे पहिले वाक्य होते, 'हरवलेली छत्री सापडणे सेरेंडिपिटस होते.' छत्री तर ती शोधतच होती, तेव्हा हे नुसते सुदैव. छत्री शोधताना आजीचे जुने पत्र हाती लागले असते, तर शब्द चपखल बसला असता.

असे प्रसंग चिनी भाषेला नवीन नाहीत. 'वाय दा जंग जाओ' म्हणजे नेम वाकडा, वार मात्र नेमका. चार अक्षरांत अख्खी घटना उरकते. मुद्दाम लावलेले फुलझाड फुलत नाही आणि सहज खोचलेल्या वाळुंजाच्या फांदीची सावली होते, ही म्हणही तिने ऐकवली. इंग्रजी विशेषणाला मात्र भेट, शोध, चूक असे एखादे नाम लागते, आणि ती ते पुनःपुन्हा स्वतःलाच लावत होती: 'मी फार सेरेंडिपिटस आहे.' (आपल्या 'योगायोगा'लाही धड विशेषण नाही, हे मी तिला सांगितले नाही.)

'सेरेंडिपिटी' हे मूळ नाम इंग्रज लेखक होरेस वॉलपोल याने २८ जानेवारी १७५४ च्या पत्रात घडवले, ते सेरेंडिपच्या तीन राजपुत्रांच्या कथेवरून. न शोधलेल्या गोष्टी त्यांना योगायोगाने आणि चातुर्याने सापडत असत. विशेषण आले थेट विसाव्या शतकात. सेरेंडिप हे सिंहलद्वीपाचेच, म्हणजे श्रीलंकेचे, अरबी-फारसी वळणाचे नाव, असे मी म्हणताच ती हसली. पाचव्या शतकात फाहियान हा चिनी भिक्षू त्या बेटावर दोन वर्षे राहिला होता आणि त्याने त्याला 'सिंहांचे राज्य' म्हटले आहे. अरबांनी नावाचा ध्वनी ठेवला, चिन्यांनी अर्थ.

या विशेषणाला तिने सुचवलेला सर्वांत जवळचा चिनी शब्दप्रयोग 'जीयुआन छ्याओह' हा होता. त्यातील 'युआन'चा सूर चढता की उतरता, एवढेच पाहण्यासाठी मी रात्री कोश उघडला. बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरकारांनी हे अक्षर संस्कृत 'प्रत्यय' (तिथे अर्थ कारण, निमित्त) या शब्दासाठी वापरले, असे तिथे होते. वहीच्या त्याच पानावर, चार ओळी वर, नामाचे विशेषण कसे होते हे तिला समजावताना मी लिहून ठेवले होते: 'शेवटी प्रत्यय लागतो.' सूर पाहायचा राहूनच गेला.