स्कोअर झाकून

जेवणं झाल्यावर आज परत स्वप्नील कुसाळेची पॅरिस ऑलिम्पिकची रायफल नेमबाजीची फायनल लावली, १ ऑगस्ट २०२४ ची. ब्राँझ मिळणार हे माहितीये, ४५१.४ हा स्कोअर पाठ झालाय, तरी बघते, कारण हल्ली माझं लक्ष मेडलकडे नसतंच, दोन शॉटच्या मधे तो काय करतो तिकडे असतं. गुडघ्यावरची पोझिशन संपली तेव्हा आपला कांबळवाडीचा पोरगा सहावा होता. सहावा! तिथून पालथं झोपून, मग उभं राहून असं करत तिसऱ्यावर आला आणि चेहऱ्यावर काही नाही. नंतर बोलला पण होता तो, की हार्टबीट खूप वाढलेले, श्वासावर कंट्रोल ठेवला, वेगळं काही करायला गेलो नाही.

हे 'वेगळं काही नाही' मला जाम मोठं वाटतं, कारण वर्षभरही झालं नव्हतं, हांगझोऊच्या एशियन गेम्समधे हाच माणूस पुढे असताना दहाच्या आसपास हवा तिथे एक शॉट ७.६ चा गेला आणि थेट चौथा.

सरांनी या आठवड्यात रेंजवर स्कोअर दिसू नये म्हणून माझ्या मॉनिटरवर कागद चिकटवलाय. एअर रायफलमधे दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, ६० शॉट, ७५ मिनिटं, आणि 'आता टेनच पाहिजे' असं मनात आलं की बोट ट्रिगरवर अडतं, रायफल रोखून धरणं लांबतं, डोळा थकतो आणि मग झटका बसतोच. सर म्हणतात, "अगं टेन मागू नकोस, शॉट नीट सोड." म्हणून मी प्रत्येक शॉटला एवढंच ठरवते की श्वास सोडायचा, बोट सरळ मागे, आणि शॉट सुटल्यावरही क्षणभर तिथंच राहायचं. वेळेत नाही सुटला तर रायफल खाली, परत पहिल्यापासून. खांदे सैल राहतात याने, खरंच. आज कागद वर करून बघितलं तर एरवी डावीकडे पसरणारा शॉटचा ग्रुप बराच गोळा झालेला, इतकं बरं वाटलं!

'पॉझिटिव्ह राहा' म्हणणारे खूप भेटतात, पण आरशासमोर 'मी जिंकणार' म्हणून बोट काही सरळ मागे येत नाही, काय करायचंय ते हाताला कळेल इतकं बारीक ठरवावं लागतं.

रविवारी मॅच आहे आणि तिथे कागद चालणार नाही, मॉनिटर समोरच असणार. सरांना सांगणारे की उद्यापासून काढूया तो, स्कोअर दिसत असताना पण हेच जमायला पाहिजे.