ट्रिपा मोजून ड्रायव्हर कळतो का?

फॉर्म्युला वनची शर्यत असली की रविवारी गोव्यात साखळी गावातल्या माझ्या गॅरेजात चार-पाच पोरं येऊन बसतात. शर्यत संपली की एक प्रश्न हमखास येतो: "काका, शूमाकर सात वेळा जगज्जेता, हॅमिल्टनही सात वेळा. मग ह्या दोघांहून मोठा ड्रायव्हर कुठून येणार?" गिऱ्हाइकंही हेच विचारतात. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो.

विजेतेपदावरून त्या वर्षीची गाडी आणि ड्रायव्हर ही जोडी कळते. एकटा ड्रायव्हर कळत नाही. सात विजेतेपदं कोणाला फुकट मिळत नाहीत, ते दोघे मोठेच आहेत. पण सगळ्यांत मोठा कोण, ते ह्या आकड्यावरून ठरत नाही.

हे मी शर्यती बघून शिकलो नाही. २०१२ साली खाणी बंद पडल्या, त्याआधी माझे बाबा खनिजाचा टिपर चालवायचे. खाणीवरून जेटीवर माल टाकला की एक चिठ्ठी मिळायची. संध्याकाळी चिठ्ठ्या मोजायच्या आणि ज्याच्या ट्रिपा जास्त, तो त्या दिवसाचा राजा. बाबांच्या ट्रिपा बहुतेक वेळा एक-दोन कमीच भरायच्या. सकाळी रांगेत पुढे कोण होता, कोणाचा ट्रक भरताना मशीन बंद पडलं, हे चिठ्ठीवर लिहिलेलं नसायचं.

मी तेव्हा गॅरेजात नुकताच हाताखाली लागलो होतो. एकाच मालकाने एकाच वेळी घेतलेले दोन टिपर आमच्याकडे यायचे. एक बाबांचा, दुसरा ट्रिपांत सगळ्यांच्या पुढे असणाऱ्या ड्रायव्हरचा. तोच रस्ता, तोच माल. त्या दुसऱ्या टिपरचा गिअरबॉक्स उतरवला की जळका वास आधी यायचा. फ्लायव्हीलवर निळे-काळे डाग आणि क्लचप्लेट, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी चकती, करपून चकचकीत झालेली. बाबांची प्लेट झिजलेली असायची, पण चारी बाजूंनी सारखी, राखाडी, कुठे चट्टा नाही. ती प्लेट हातात घेऊन मी बराच वेळ उभा राहिलो होतो. क्लच कोण जाळतो आणि कोण जपतो, म्हणजेच ड्रायव्हर कसा आहे, ते मला तिथे दिसलं.

फॉर्म्युला वनमध्येही अशी प्लेट हातात घेता येते. एका संघाच्या दोन गाड्या सारख्या असतात, म्हणून आधी जोडीदाराकडे बघायचं. १९८८ साली मॅक्लारेन संघाने सोळापैकी पंधरा शर्यती जिंकल्या. त्यांच्या दोन ड्रायव्हरांपैकी सेनाने आठ, प्रॉस्टने सात. सगळे गुण धरले तर प्रॉस्टचे १०५, सेनाचे ९४. पण तेव्हा सर्वोत्तम अकरा निकालच मोजायचे, म्हणून सेना ९०, प्रॉस्ट ८७ आणि विजेता सेना. दोघांनी गाडी चालवली ती तशीच राहिली, फक्त मोजायची रीत बदलली की नाव बदलतं. मला सेना फार आवडतो, तरी हे मान्य करावंच लागतं.

जॉर्ज रसेलचं तर अगदी अलीकडचं. २०२० साली तो विल्यम्सच्या मागे पडलेल्या गाडीत होता आणि तिथे त्याचा एकही गुण झाला नव्हता. हॅमिल्टनला कोविड झाला आणि बहारीनमधल्या साखीरच्या शर्यतीला रसेल त्याच्या मर्सिडीजमध्ये बसला. पात्रता फेरीत दुसरा, मर्सिडीजच्याच दुसऱ्या गाडीतल्या बोटासच्या फक्त ०.०२६ सेकंद मागे. शर्यतीत तर तो पुढे होता. मग संघाने चुकीचे टायर लावले, नंतर पंक्चर झालं आणि तो नववा आला. आठवड्यात माणूस बदलला नव्हता, गाडी बदलली होती. म्हणूनच चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांतून पाच विजेतेपदं मिळवणाऱ्या, पन्नासच्या दशकातल्या फँजिओचा आकडा मला जास्त पटतो.

आणि गुणांचं म्हणाल, तर आपल्या नारायण कार्तिकेयनचे फॉर्म्युला वनमधले पाचच्या पाच गुण २००५ च्या इंडियानापोलिसचे. टायरच्या भानगडीमुळे तिथे सहाच गाड्या धावल्या होत्या. त्याच्यातला ड्रायव्हर त्या पाचांवरून मोजणं मला कधीच पटलं नाही.

पण पोरांना मी शेवटी सांगतो ती गोष्ट ब्रिटिश ड्रायव्हर स्टर्लिंग मॉसची. १९५८ साली पोर्तोला शर्यत होती, पोर्तुगालात. तेव्हा गोव्यावरही त्यांचंच राज्य होतं. मॉस जिंकला, माइक हॉथॉर्न दुसरा. हॉथॉर्नची गाडी घसरून बंद पडली होती आणि ती चालू करताना तो शर्यतीच्या उलट दिशेने गेला, असा आरोप झाला. त्याला बाद करणार होते. विजेतेपदासाठी मॉसची झुंज ह्याच माणसाशी होती. तरी मॉस अधिकाऱ्यांपुढे उभा राहिला आणि त्याने डोळ्यांनी पाहिलं ते सांगितलं: हॉथॉर्न मार्गावर नव्हता, कडेच्या फुटपाथवर होता. हॉथॉर्नचे गुण राहिले.

वर्षाअखेर मॉसच्या नावावर चार विजय, हॉथॉर्नच्या नावावर एक. गुण हॉथॉर्नचे ४२, मॉसचे ४१. मॉस २०२० साली गेला, तोवर सोळा शर्यती जिंकूनही त्याच्या नावावर एकही विजेतेपद नव्हतं.

पोरं मोबाइलवर १९५८ ची यादी काढतात. मी दुसऱ्या ओळीवर बोट ठेवतो.