विसण

पानशेत रस्त्याला चहाला थांबलो होतो. पहिले पाऊस दणकून झालेले. सिंहगडाच्या अंगाने आलेला एक ओढा खडकवासल्याच्या पाण्यात शिरत होता आणि थोडं पुढे जाऊन चक्क संपत होता. अलीकडे लालभडक गढूळ, पलीकडे हिरवट, संथ. मधल्या रेघेवर काटक्या, फेस, पानं आणि कुणाची तरी एक चप्पल. बरोबरचे गृहस्थ म्हणाले, "मिसळलं बघा पाणी." मिसळलं कुठलं? खाली गेलं!

पावसाचं गार पाणी, त्यात माती. उन्हाळाभर तापलेल्या धरणापुढे ते जड पडतं. मग बुडी मारून तळाच्या उताराने चालू लागतं, आपल्या वजनाचं पाणी भेटेपर्यंत. खाडीत मिठामुळे निकाल आधीच लागलेला असतो, नदी वर आणि समुद्र खाली. इथे मीठ नाही, म्हणून सगळं अंशा-दोन अंशांवर आणि मूठभर मातीवर.

वाड्यात आमचा बंब होता. आजी घंगाळात कढत पाणी काढायची, विसण म्हणून गार पाणी घालायची आणि कोपरापर्यंत हात बुडवून ढवळायची. तिची बांगडी घंगाळाच्या काठाला लागून वाजे. धाकटा काका घाईचा, तो ढवळत नसे. पहिला तांब्या ओतला की "आई गं!", आणि तळाशी पोचेपर्यंत कुडकुडायला लागलेला. मी अजून गीझरच्या बादलीत हात घालून ढवळतो. घरात टिंगल होते. होऊ दे.

फोरेल नावाच्या स्विस प्राध्यापकाने अख्खी हयात जिनिव्हा सरोवरावर घालवली. ऱ्होन नदी तिथे अशीच बुडी मारते. सरोवराच्या तळाशी लांबलचक घळ सापडली, ती या बुडालेल्या नदीचीच वाट, असं त्याने 1885 साली मांडलं. थंड मुलखातल्या काही सरोवरांत आणखी एक गंमत असते. 4 अंशांचं पाणी सगळ्यात जड. वसंतात काठचं पाणी त्याहून कोमट, मधलं त्याहून गार. दोघं भेटतात तिथे जे तयार होतं ते दोघांपेक्षाही जड, की चाललं तळाला. त्यामुळे काठचं काठाला राहतं, मधलं मध्ये. खडकवासल्याला हे नखरे परवडणारे नाहीत, आपलं पाणी डिसेंबरातही इतकं गारठत नाही.

वर पानशेतची आंबी, वरसगावची मोशी, टेमघरची मुठा. तिघींचं पाणी खडकवासल्यात येतं आणि तिथून आमच्या नळाला. जुलैत ते कधीकधी गढूळ यायचं, तेव्हा आई पिंपात तुरटी फिरवायची आणि सकाळपर्यंत कुणी पिंपाला हात लावायचा नाही अशी ताकीद असे. तुरटी हल्ली वाण्याकडे ठेवतात की फक्त न्हाव्याकडेच मिळते, विचारायला हवं.